मधली हातभर जागा

मन्मथअप्पांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक दोरा असायचा. जाड सुती, हाताच्या मळानं काळा पडलेला, सात-आठ फुटांचा, आणि त्याला फुटाफुटावर गाठी मारलेल्या. शिरूर कासारच्या बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की अप्पा दोऱ्याचं एक टोक कॅमेऱ्यापाशी धरायचे, दुसरं टोक काही न बोलता थेट गिऱ्हाइकाच्या नाकाला लावायचे, गाठी मोजायचे आणि लेन्सवरचा फुटांचा आकडा तेवढ्यावर आणून ठेवायचे. मग खटका. गाव माघारी त्यांना 'दोरेअप्पा' म्हणायचं. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई. माहेर परळीकडचं, धर्मापुरीचं. बदली होऊन शिरूरच्या बाजूला आले ती इथलीच होऊन बसले. शाळेच्या ओळखपत्रांसाठी पोरांचे फोटो काढायचे होते, तेव्हा अप्पांची पहिली गाठ पडली. पोरांच्या नाकाला दोरा लागायचा आणि पोरं खुदूखुदू हसायची. अप्पा हसू ओसरेपर्यंत थांबायचे, अजिबात न कंटाळता. शेवटी त्यांनी मलाही बसवलं आणि दोरा माझ्या नाकाला लावला. मी जात्याच भांडखोर. म्हटलं, "अप्पा, नाक धरल्याशिवाय तुमचा कॅमेरा चालत नाही का?"

"नाक कुठं धरलं बाई, दोरा लावला. नाकापासून मोजलं की डोळे सापडत्यात. डोळे सापडले की माणूस सापडला."

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलणं असं की समोरच्याला दुसरं वाक्य सुचू नये. 'हसा' असं ते कधी कुणाला म्हणाले नाहीत. म्हणायचे, "तोंड हाय तसं ठिवा. घरच्यांना वळखू आलं पायजे."

एकदा तालुक्यातले एक पुढारी बॅनरसाठी फोटो काढायला आले. बॅनरवर 'भावी सभापती' असं लिहायचं होतं. गळ्यात उपरणं, मागं दहा-बारा कार्यकर्ते. अप्पांनी शांतपणे दोरा काढला आणि साहेबांच्या नाकाला लावला. साहेबांना जोराची शिंक आली. एक कार्यकर्ता पुढं सरसावला, "ओ अप्पा, कुणाच्या नाकाला दोरा लावता?" अप्पांनी पुन्हा गाठी मोजल्या आणि म्हणाले, "भावी हायत न्हवं? मंग जरा दम धरायची सवय पायजे." साहेबच हसले म्हणून निभावलं. तो फोटो मात्र असा उतरला की पुढं दोन निवडणुका तोच चालला.

हे सगळं गमतीचं वाटतं. मलाही वाटायचं. दोरा गमतीचा नव्हता हे कळायला मला कॅमेरा घ्यावा लागला.

धर्मापुरीच्या जुन्या देवळातली शिल्पं मला लहानपणापासून वेड लावतात. आत अंधार, मोबाइलवर सगळा चिखल येतो. शिवाय शाळेतली पोरं, खेळताना, पळताना. तेव्हा म्हटलं, साधा, नवशिक्याचा का होईना, आपला एक कॅमेरा असावा. महिनाभर मोबाइलवर बघून बघून मी अर्धी पंडित झाले होते. अप्पांच्या दुकानात गेले आणि यादीच वाचून दाखवली. याचे फोकसचे ठिपके इतके, तो धावत्या माणसाचा डोळा पकडतो, याच्यासोबत अठरा-पंचावन्नची लेन्स येते.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. ऑटोफोकसला ते 'आपोआप' म्हणायचे.

"आपोआप काय हुतं बाई? केस पांढरे हुत्यात. दुसरं कायबी आपोआप हुत न्हाई."

"पण अप्पा, पोरं पळतात. पोरांच्या नाकाला दोरा कसा लावू?"

"आन् देवळातले दगड? ते कुठं पळून चाललेत?"

"दोन्ही काढायचंय मला."

"मंग आधी भिंग बघा. कॅमेऱ्याचा डबा दोन वरसात जुना हुतो, भिंग जात न्हाई. सोबत येती ती लेन्स उजेड लई कमी पिती."

भांडण तीन दिवस चाललं. मी म्हणायचे ऑटोफोकस, ते म्हणायचे भिंग. चौथ्या दिवशी लग्नाचे फोटो काढणारा विलास दुकानात आला होता, तर अप्पांनी त्याचा कॅमेरा माझ्या हातात दिला आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. आत देवळाएवढाच उजेड राहिला. सोबतवाली लेन्स लावून मी तो विलासवर धरला. लेन्स किर्र करत पुढं गेली, किर्र करत मागं आली, काही केल्या ठरेना. मग विलासनं पिशवीतून पन्नासची लेन्स काढून लावली. आखूड, झूम नसलेली, पण तोंड मोठं. तोच कॅमेरा, तोच अंधार, आणि खटकन फोकस बसला. पिक्‌-पिक् असा आवाज झाला.

"बघितलं?" अप्पा म्हणाले. "आपोआपला पण उजेड लागतो. आंधळ्या भिंगामागं डोळस डबा बसवून काय करता?"

मी हरले होते, आणि हरल्याचं वाईटही वाटत नव्हतं. एकाच गोष्टीवरून आम्ही दोन बाजूंनी भांडत होतो एवढंच. पण माझं लक्ष दुसरीकडंच गेलं होतं. पिक्‌-पिक् झालं तेव्हा अप्पांनी डोळे गच्च मिटले होते आणि हात कानावर नेला होता. विलास पटकन म्हणाला, "आवाज बंद करायचा राह्यला, अप्पा. चुकलंच." अप्पा शटर वर ढकलायला गेले. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं, की त्यांच्या स्वतःच्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर, ऑटोफोकसच्या बटणावर, काळी चिकटपट्टी मारलेली होती. पुष्कळ जुनी. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या.

बाहेर आल्यावर विलासनं मला सांगितलं. "बाई, भिंतीवरचा त्यो फोटो बघितलाय का?"

बघितला होता. सगळ्यांनीच बघितलेला असायचा. बसणाऱ्याच्या उजव्या खांद्यामागं, पडद्याच्या बाजूला, लाकडी चौकटीतला एक फोटो. घराचं दार, दाराला दसऱ्याचं झेंडूचं तोरण. तोरणाची एकेक पाकळी मोजून घ्यावी इतकं स्पष्ट. आणि दाराच्या पुढं दोन बायका उभ्या, दोघी पुसट. उजवीकडच्या बाईनं पदर पुढं ओढलेला. डावीकडं परकर-पोलक्यातली पंधरा-सोळा वर्षांची पोरगी. डोळे कुठं, ओठ कुठं एवढं कळायचं. चेहरा कळायचा नाही. मला वाटायचं, अप्पांनी मुद्दाम काढलाय, तोरणाचा फोटो म्हणून.

तसं नव्हतं. दसरा झाला की आमच्याकडची घरंच्या घरं कारखान्याला ऊस तोडायला निघतात. निघायच्या दिवशी दारात उभं राहून एक फोटो काढायचा अशी इथली रीत. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना तो भिंतीवर लावायला होतो. वर्षानुवर्षं अप्पाच ते फोटो काढायचे, दोऱ्यानं मोजून. मग त्यांनी पहिला डिजिटल कॅमेरा घेतला, ऑटोफोकसवाला. नव्याची नवलाई, ज्या उस्तादांकडं ते फोटो काढायला शिकले त्यांनी दिलेला दोरा अप्पांनी खुंटीला अडकवला. त्याच वर्षी गयाबाई नावाच्या बाईच्या दारात हा फोटो काढला. गयाबाई आणि तिची लेक मंगल. बाप ट्रॅक्टरवर सामान लादत होता, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता. अप्पांनी घाईत बटण दाबलं. पिक्‌-पिक् वाजलं, म्हणजे बरोबर आहे असं कॅमेऱ्यानं सांगितलं. मागच्या इवल्याशा काचेवर फोटो ठीक दिसला. ट्रॅक्टर गेला.

संध्याकाळी मोठा करून बघितला तेव्हा कळलं. कॅमेऱ्याचा मधला ठिपका दोघींच्या मधून गेला होता. मायलेकींच्या मध्ये हातभर जागा होती, त्यातून त्यानं मागचं तोरण पकडलं.

अप्पांना वाटलं, त्यात काय, गुढीपाडव्याला परत आल्या की दुसरा काढू. पाडव्याला गयाबाई लेकीविना परत आली. उसाच्या फडावर मंगलला ताप भरला आणि तापातच ती गेली. तेव्हा घरोघर मोबाइल नव्हते. मंगलचा दुसरा फोटो जगात कुठंच नव्हता. गयाबाई फोटो मागायला आली, आणि अप्पांना तो तिच्या हातात द्यावा लागला.

तिनं बघितला. रडली नाही, रागावली नाही. म्हणाली, "इथंच लावा, अप्पा. आमच्या घराला सहा म्हैने कुलूप असतं. एकटीच लटकून ऱ्हाईल. तुमच्याकडं माणसं येत्यात, तिला बरं वाटंल."

तेव्हापासून फोटो तिथं होता. विचार करा, स्टुलावर जो कुणी बसेल, आमची पोरं, नवऱ्या मुली, भावी सभापती, त्या प्रत्येकाच्या खांद्यावरून अप्पांना रोज ती पोरगी दिसायची. मला हे कळल्यावर मी त्या स्टुलावर पुन्हा निवांत बसू शकले नाही. पाठीमागून कुणीतरी बघतंय असं वाटायचं, आणि बघणारीला डोळे नव्हते.

गयाबाई वर्षातून दोनदा यायची. जाताना आणि आल्यावर. फोटोसमोर उभी राहायची आणि दर वेळी विचारायची, "अप्पा, अजून काय साफ हुतं का ते?" नवीन कॉम्प्युटर आला, नवीन प्रिंटर आला, की अप्पा पुन्हा बसायचे. काही व्हायचं नाही. जे कॅमेऱ्यानं घेतलंच नाही ते कुठून आणणार?

मग मागच्या एक-दोन वर्षांत मोबाइलवर तोंडं साफ करून देणारे प्रकार आले. विलासनं अप्पांना न विचारता तो फोटो त्यात घातला. पाच मिनिटांत मंगल उभी राहिली. रेखीव भुवया, काळेभोर डोळे, कातीव ओठ. अप्पांनी त्याच दिवशी मोठी प्रिंट काढली आणि विलासच्या मोटारसायकलवर मागं बसून गयाबाईच्या गावी गेले.

गयाबाईनं प्रिंट उन्हात धरून बराच वेळ बघितली. मग म्हणाली, "पोरगी चांगली हाय. कुणाची हाय?"

अप्पांनी ती प्रिंट परत आणली आणि ड्रॉवरमध्ये पालथी घालून ठेवली. त्यावर ते माझ्याशी एकदाच बोलले. "बाई, वीस मिंटं मलाबी वाटलं का ती सापडली. दुसऱ्याची लेक घिऊन गेलतो तिच्या दारात."

मी शेवटी त्यांच्या सल्ल्यानं कॅमेरा घेतला. डबा साधाच, पण चेहरा ओळखणारा, म्हणजे माझं ऐकलं; आणि सोबतची लेन्स न घेता पन्नासची घेतली, म्हणजे त्यांचं ऐकलं. दसऱ्याच्या सुट्टीत तो घेऊन दुकानात गेले, तर गयाबाई आलेली. दुसऱ्या दिवशी ऊसतोडीची टोळी निघणार होती. पन्नाशी ओलांडलेली बाई, उन्हानं रापलेली, फोटोखाली भिंतीला टेकून बसली होती.

मी म्हटलं, "अप्पा, पहिला फोटो तुमचा."

अप्पा स्वतःचा फोटो काढू द्यायचे नाहीत. मोबाइल दिसला की उठून जायचे. त्या दिवशी कसे कोण जाणे, बसले. कदाचित भिंग त्यांनी निवडलेलं म्हणून. स्टुलावर बसून दोरा काढला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतःच्या नाकाला लावलं. म्हणाले, "पाच गाठी." मग मान खाली घालून बसले, हातात दोरा तसाच.

मी कॅमेरा डोळ्यापुढं धरला. माणसाचा चेहरा दिसला की तो स्वतःच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर त्याभोवती हिरवा चौकोन काढतो. चौकोन अप्पांवर आला, पण त्यांची मान खाली, चष्म्यावर ट्यूबलाइटचा चकाका. चौकोन हलला. त्यांच्या खांद्यावरून मागं गेला आणि भिंतीवरच्या फोटोवर, डावीकडं, ठरला. मी कॅमेरा हलवून पुन्हा धरला. पुन्हा तिथंच. आणि पिक्‌-पिक् वाजलं. आवाज बंद करायचा मी विसरले होते.

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू, कॅमेरा खाली टाकून पळून जावंसं वाटलं.

अप्पांनी मान वर केली नाही. "वाजला?"

"वाजला."

"कुणावर?"

गयाबाई आमच्याकडं बघत होती. अप्पांनी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हटलं, "मागं. फोटोवर. पोरीवर."

मग गयाबाई उठली, माझ्या बाजूला येऊन पडद्यात वाकून बघायला लागली. "ही हिरवी चौकट कशाची, बाई?"

"माणसाचं तोंड दिसलं की कॅमेरा तशी चौकट काढतो."

"तोरणावर न्हाई काढत?"

"नाही. माणसावरच."

"मंजी त्याला दिसतंय तिचं तोंड."

"दिसतंय."

तिनं बोट पडद्याजवळ नेलं, पण लावलं नाही. बराच वेळ ती त्या चौकोनाकडं बघत राहिली. मी हात हलू दिला नाही. हलला तर चौकोन जाईल अशी मला भीती वाटत होती. मग ती अप्पांकडं न बघताच बोलली.

"अप्पा, तुमी इतकी वर्सं कावून लावून घेतलं मनाला? माझीच चूक हाय ती. तिला यायचं नव्हतं त्या साली. आजीपाशी ऱ्हाते, शाळंत जाते म्हणली. मी सकाळीच तिच्या थोबाडीत दिलती. म्हून ती माझ्याजवळ उभी ऱ्हायली न्हाई. मधी जागा ठिवली तिनं. जवळ असती तर आला असता फोटू."

अप्पांची मान तेव्हा वर आली. इतकी वर्षं त्यांना ती जागा फक्त कॅमेऱ्यातून दिसली होती. ती कुणी ठेवली आणि कशाला, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि तिनं सांगितलं नव्हतं. दोघंही एकाच फोटोसमोर उभं राहून आपापली चूक बघत होते. अप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला.

"बाई," ते मला म्हणाले, "चौकोन तिथंच हाय का?"

"आहे."

"दाबा मग."

"अप्पा, तुम्ही पुसट याल. लेन्सचं तोंड मोठं आहे, दोन्ही एकदम नाही येणार."

"मला शिकिवता का? दाबा. मी यीन पुसट. पुसट ऱ्हायची तिची पाळी लई झाली."

मी दाबलं.

त्यानंतरचा पाडवा होऊन टोळ्या परतल्या, आणि आठ-दहा दिवसांनी अप्पा गेले. झोपेतच गेले. लातूरला नोकरी करणारा त्यांचा मुलगा नागनाथ मला विचारायला आला. शिवगणाराधनेला, म्हणजे मागच्या विधीला, ठेवायला फोटो हवा होता. आयुष्यभर लोकांचे फोटो काढलेल्या माणसाचा घरात एक धड फोटो नव्हता. आधारकार्डावरचा होता, त्यात ते कुणीतरी मागून हाक मारल्यासारखे दचकलेले दिसत होते.

माझ्याकडं तो एकच होता. मी मोठा करून नेला. पुढं स्टुलावर अप्पा, पुसट. विभूतीचे पट्टे आहेत एवढं कळतं, हातातला दोरा म्हणजे नुसती काळी रेघ. मागं लाकडी चौकट लख्ख स्पष्ट. काचेवरची धूळसुद्धा दिसत होती.

नागनाथ अवघडला. "बाई, ह्यात अप्पा कुठं हायत? विलास म्हणतोय, मोबाइलमध्ये घालून तोंड साफ करून देतो. पाच मिंटाचं काम हाय."

गयाबाई दारातच उभी होती, हातात हार घेऊन. ती पुढं आली, फोटो दोन्ही हातांत घेतला, उन्हाकडं तिरपा धरून बघितला.

"साफ करू नका," ती म्हणाली. "दुसराच माणूस यील."

नागनाथनं माझ्याकडं पाहिलं. मी 'तसाच राहू द्या' म्हणून मान हलवली. त्यानं फोटो तसाच पाटावर ठेवला. गयाबाईनं हार घातला, मागच्या पोरीचं तोंड त्यानं झाकतंय का ते वाकून बघितलं, आणि हार जरा बाजूला सरकवला.